स्थिर विद्युत: प्रभार साठतो कसा आणि त्याचा सुरक्षित निचरा करावा कसा

स्थिर विद्युतेचा त्रास टाळण्यासाठी दिले जाणारे बहुतेक सल्ले घर्षण कमी करण्यावर भर देतात आणि माझ्या मते तो भर चुकीच्या जागी दिला जातो. दोन पदार्थ एकमेकांना टेकून वेगळे झाले की थोडाफार प्रभार निर्माण होणारच. चालणे, बसणे, उठणे, कपडे बदलणे, चिकटपट्टी सोडवणे, नळीतून द्रव वाहणे या साऱ्या क्रियांत हे अखंड चालू असते आणि ते पूर्णपणे थांबवणे कोणालाही शक्य नाही. आपल्या हाती आहे तो त्या प्रभाराचा निचरा: तो कोणत्या वाटेने जावा, किती वेगाने जावा आणि कोणत्या जागी मुळीच जाऊ नये. घरात बसणारा चटका, इलेक्ट्रॉनिक भागांचे नुकसान आणि ज्वालाग्राही वाफांजवळ उडणारी ठिणगी यांवरचे उपाय वेगवेगळे दिसले तरी त्यांच्या मुळाशी हाच एक विचार आहे. म्हणून आधी प्रभाराचे वर्तन समजून घ्यावे आणि मग उपायांकडे वळावे. कारण न समजता केलेले उपाय, विशेषतः भूसंपर्काच्या (वस्तू जमिनीशी वाहक वाटेने जोडण्याच्या) बाबतीत, बरेचदा निरुपयोगी ठरतात.

प्रभार कसा साठतो

सामान्य स्थितीत कोणत्याही वस्तूत धन आणि ऋण प्रभार समसमान असतात, त्यामुळे बाहेरून ती उदासीन भासते. दोन भिन्न पृष्ठभाग एकमेकांना टेकले की एकाकडील काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे सरकतात; काही पदार्थांत आयन (प्रभारित अणू किंवा रेणू) किंवा पृष्ठभागाचे अतिसूक्ष्म कणही प्रभार घेऊन पलीकडे जातात. पृष्ठभाग दूर होताना हे सारे इलेक्ट्रॉन मूळ जागी परतू शकले नाहीत, तर एक वस्तू धन आणि दुसरी ऋण प्रभारित राहते. घासण्याचे काम एवढेच की त्यामुळे प्रत्यक्ष स्पर्श होणाऱ्या बिंदूंची संख्या वाढते. खडबडीत पृष्ठभाग वरवर टेकलेले दिसले तरी खरा स्पर्श फार थोड्या जागी असतो. घर्षण नसतानाही प्रभार निर्माण होतो, याचा उत्तम पुरावा चिकटपट्टी देते: तिला कोणी घासत नाही, ती फक्त चिकटते आणि सोडवली जाते, तरीही सुटताना ती चांगलीच प्रभारित होते. निर्वात पात्रात चिकटपट्टी उलगडत नेल्यास क्ष-किरणही बाहेर पडतात, हे २००८ साली प्रयोगाने दाखवण्यात आले आहे. इतक्या साध्या क्रियेत केवढे विभवांतर (विद्युत पातळीतील, व्होल्टमध्ये मोजला जाणारा फरक) उत्पन्न होऊ शकते याची कल्पना त्यावरून यावी.

कोणता पदार्थ इलेक्ट्रॉन देईल आणि कोणता घेईल याची क्रमवार यादी योहान कार्ल विल्के यांनी १७५७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. अशा यादीत कोरडी त्वचा, काच, नायलॉन आणि लोकर धन बाजूला, सुती कापड साधारण मध्यभागी, तर पॉलिएस्टर, पॉलिथिन, पीव्हीसी आणि टेफ्लॉन ऋण बाजूला आढळतात. यादीत दूर असलेली जोडी एकत्र आली की प्रभार अधिक निर्माण होतो, असा ढोबळ नियम आहे. मात्र यादीतील क्रम अचल मानू नये. पृष्ठभागावरचा मळ, ओलावा, झीज आणि आधीचा प्रभार यांमुळे शेजारच्या पदार्थांचा क्रम सहज बदलतो आणि एकाच पदार्थाचे दोन तुकडेसुद्धा परस्परांवर घासले असता प्रभारित होऊ शकतात.

या प्रभाराचे परिमाण अत्यंत अल्प असते. माणसाच्या शरीराची धारकता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, साधारण १०० ते २०० पिकोफॅरड असते. १०० पिकोफॅरड धरून शरीराचे विभव १०,००० व्होल्टपर्यंत चढले, तर शरीरावर फक्त १ मायक्रोकूलोम प्रभार असतो, म्हणजे सुमारे सहा लाख कोटी इलेक्ट्रॉनांची कमी किंवा वाढ. संख्या प्रचंड वाटते, पण सपाट पृष्ठभागावर हवा सहन करू शकेल तेवढा कमाल प्रभार साठवला तरीही दर ५० हजारांहून अधिक पृष्ठभागीय अणूंमागे फक्त एखादा इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे झालेला असतो. म्हणूनच बोटांचा पुसटसा तेलकटपणा किंवा किंचित दमटपणाही या सगळ्या गणितात मोठा फरक पाडतो.

आता एक गोष्ट लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या कपड्यांवर आणि खुर्चीच्या आवरणावर विरुद्ध प्रभार असले तरी ते अगदी जवळ असल्याने बाहेरून एकमेकांचा परिणाम झाकतात. माणूस उठला की ते प्रभार दूर होतात, धारकता घटते आणि प्रभार तेवढाच राहूनही विभव झपाट्याने वाढते. मोटारीतून उतरताना चटका बसतो तो याच कारणाने: प्रभार प्रवासभर निर्माण होत असतो, पण त्याचे उच्च विभवात रूपांतर आसनावरून उठण्याच्या क्षणी होते. उपाय त्याच क्षणी करावा लागतो, नंतर नव्हे.

प्रभार चढण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि त्यात प्रभारित वस्तूला स्पर्शसुद्धा करावा लागत नाही. प्रभारित प्लास्टिकच्या पत्र्याजवळ उभ्या असलेल्या माणसाने क्षणभर भूसंपर्कित धातूला हात लावला आणि मग तो तिथून दूर गेला, तर प्रवर्तनामुळे, म्हणजे जवळच्या प्रभाराच्या ओढीमुळे, त्याच्या अंगावर विरुद्ध प्रकारचा प्रभार उरतो. त्याने काहीही घासलेले नसते. उलट, त्याने प्रभार सोडून देण्यासाठीच धातूला हात लावलेला असतो. कामाच्या टेबलाजवळून प्लास्टिकच्या वस्तू दूर ठेवाव्यात असे सांगतात त्यामागे हे कारण आहे.

निचऱ्याचा वेग: या विषयाचा गाभा

साठा आणि निचरा यांची शर्यत सतत चालू असते. ती कोण जिंकतो हे विद्युतरोध आणि धारकता यांच्या गुणाकारावर ठरते. या गुणाकाराइतक्या वेळात प्रभार मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतो आणि त्याच्या पाचपट वेळात एक टक्क्याहून कमी उरतो. शरीराची धारकता १०० पिकोफॅरड धरू. पादत्राणांचा तळ आणि फरशी मिळून रोध १ लाख कोटी ओहम असेल, तर हा काळ १०० सेकंद येतो. रोध १०० कोटी ओहम असेल, तर ०.१ सेकंद, आणि १० लाख ओहम असेल, तर सेकंदाचा फक्त दहा हजारावा भाग. चालताना साधारण अर्ध्या सेकंदाला एक पाऊल पडते आणि प्रत्येक पावलागणिक थोडा प्रभार चढतो. पहिल्या स्थितीत एका पावलाचा निम्म्याहून अधिक प्रभार निघून जाण्याआधी दीडदोनशे पावले पडलेली असतात, त्यामुळे विभव चढत राहते. दुसऱ्या स्थितीत पुढचे पाऊल पडण्याआधीच आधीचा प्रभार जवळपास संपलेला असतो. दोन्ही ठिकाणी घर्षण तेच, चालणारा माणूस तोच. फरक केवळ निचऱ्याचा.

येथे १०० कोटी ओहम ही संख्या नजरेतून सुटू नये. सामान्य विद्युतमंडलाच्या हिशेबाने हा रोध म्हणजे जवळजवळ बंद वाट, पण स्थिर विद्युतेसाठी ती पुरेशी मोकळी वाट आहे. त्यामुळे प्रभार घालवण्यासाठी धातूच्या जाड तारेची गरज क्वचितच असते. किंचित वाहक असलेला पृष्ठभाग पुरतो आणि बहुधा तोच अधिक चांगला असतो, कारण त्यातून प्रभार सावकाश उतरतो आणि ठिणगी उडत नाही.

हवेतील ओलाव्याचा प्रभाव याच वाटेने पडतो. दमट हवा स्वतः वीज वाहून नेते हा समज व्यापक आहे, पण तो बरोबर नाही. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंचा अत्यंत पातळ थर बसतो, त्यात क्षार विरघळतात आणि तो थर प्रभाराला वाहून नेतो. हिवाळ्यात त्रास वाढतो त्याचे गणितही सरळ आहे. शून्य अंश सेल्सिअसला पूर्ण संपृक्त असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ४.८ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा घरात आणून २२ अंशांपर्यंत तापवली, तर तिथे सुमारे १९.४ ग्रॅम बाष्प मावू शकत असल्याने सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास घसरते. गालिच्यावरून चालताना १० ते २० टक्के आर्द्रतेत ३५,००० व्होल्टपर्यंत, तर ६५ ते ९० टक्के आर्द्रतेत सुमारे १,५०० व्होल्ट विभव आढळते, असे इलेक्ट्रॉनिक उद्योगात नेहमी वापरले जाणारे आकडे आहेत. म्हणून खोलीत आर्द्रतामापक लावावा आणि आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. त्याहून फार वर नेल्यास बुरशी आणि गंज यांचा त्रास सुरू होतो, आणि टेफ्लॉनसारख्या पाण्याला थारा न देणाऱ्या पृष्ठभागांवर तरीही प्रभार टिकून राहतो.

ठिणगी उडते तेव्हा

कोरड्या हवेत सामान्य दाबाला विद्युतक्षेत्र सुमारे ३० लाख व्होल्ट प्रतिमीटर झाले की हवा रोधक राहत नाही. हवेत मूळचेच असलेले मोजके मोकळे इलेक्ट्रॉन त्या क्षेत्रात वेग घेतात, रेणूंवर आदळून नवे इलेक्ट्रॉन सुटे करतात, तेही पुढे तेच करतात, आणि क्षणार्धात प्रचंड तापलेली वाहक वाट तयार होते. एक सेंटिमीटर लांबीच्या ठिणगीसाठी या हिशेबाने सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात. टोकदार वस्तूजवळ क्षेत्र एकवटत असल्याने तिथे प्रक्रिया आधीच सुरू होते. दुसरीकडे, सुमारे ३३० व्होल्टच्या खाली अंतर कितीही कमी केले तरी सामान्य हवेतून अशी ठिणगी पडत नाही. याचा अर्थ त्याखाली धोका नाही असा मात्र नव्हे, कारण प्रत्यक्ष धातूला धातू टेकला की कितीही कमी विभवाचा प्रभार वाहू शकतो.

ठिणगीतून क्षणभर काही अँपिअर, प्रसंगी त्याहून बराच अधिक, विद्युतप्रवाह वाहतो, पण तो नॅनोसेकंदांत मोजावा इतकाच टिकतो. दहा हजार व्होल्ट विभव असलेल्या शरीरात साठलेली ऊर्जा अवघी ५ मिलिज्यूल असते, म्हणजे एक ग्रॅमचे वजन अर्धा मीटर वर उचलायला लागते तेवढी. इतके मोठे विभव असूनही हा चटका निरोगी माणसाला इजा करत नाही तो यामुळेच. त्याच वेळी, सुमारे ३,००० व्होल्टच्या खालचे विसर्जन (साठलेला प्रभार एकदम बाहेर पडणे) बोटाला बहुधा जाणवतच नाही. हा आकडा पुढे इलेक्ट्रॉनिक भाग आणि ज्वालाग्राही वाफा या दोन्ही प्रकरणांत मध्यवर्ती आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

सर्वच विसर्जने सारखी नसतात. वाहक वस्तूवरचा प्रभार मोकळा असल्याने तो एका ठिणगीत जवळजवळ पूर्ण बाहेर पडतो. रोधक पृष्ठभागावरील प्रभार जागच्या जागी अडकलेला असल्याने एका वेळी स्पर्शबिंदूजवळचाच थोडा भाग सुटतो. म्हणून प्लास्टिकच्या चाकांच्या गाडीवर ठेवलेला लोखंडी डबा त्या गाडीच्या प्लास्टिकपेक्षा अधिक धोकादायक असतो: जमिनीपासून तुटलेला धातू ही सर्वांत वाईट स्थिती होय. तिसरा प्रकार टोकदार वाहकाजवळ घडतो. तिथे हवा थोडी थोडी आयनीभूत होऊन प्रभार ठिणगीविना निघून जातो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकात टोकांचा हा गुण बारकाईने अभ्यासला होता आणि विमानांच्या पंखांच्या मागील कडेला बसवलेल्या बारीक दांड्या आजही याच तत्त्वाने उडताना चढलेला प्रभार हवेत सोडतात.

प्रभार आहे की नाही हे ओळखावे कसे

महागडे उपकरण नसले तरी साध्या पारदर्शक चिकटपट्टीने चांगली परीक्षा करता येते. टेबलावर एक लांब पट्टी घट्ट चिकटवावी. ती पाया म्हणून तशीच राहू द्यावी. तिच्यावर सुमारे १५ सेंटिमीटरची दुसरी पट्टी चिकटवून तिचे एक टोक धरण्यासाठी दुमडावे आणि ती झटकन ओढून काढावी. अशाच दुसऱ्या पट्टीसह ही कृती पुन्हा केली की दोन्ही पट्ट्यांवर एकाच प्रकारचा प्रभार असतो, त्यामुळे जवळ आणल्यास त्या स्पष्टपणे एकमेकींपासून दूर झुकतात. विरुद्ध प्रभाराची जोडी हवी असल्यास दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून पायावरून एकत्रच हळूच काढाव्यात, वरच्या गुळगुळीत बाजूवरून बोट फिरवून जोडीचा प्रभार घालवावा, आणि मग त्या दोघींना झटकन वेगळे करावे. आता त्या एकमेकींकडे खेचल्या जातात.

यांतील एक पट्टी टेबलाच्या कडेला लोंबकळत ठेवून तिच्याजवळ संशयित वस्तू आणावी. पट्टी दूर ढकलली गेली, तर वस्तू नक्की प्रभारित आहे. पट्टी जवळ ओढली गेली, तर मात्र काहीही सिद्ध होत नाही, कारण प्रभारित पट्टी उदासीन वस्तूकडेही आकर्षित होते. कोरड्या केसांतून फिरवलेला प्लास्टिकचा कंगवा साधारणपणे ऋण प्रभारित होतो. त्याच्यापासून दूर जाणारी पट्टी ऋण समजावी. परीक्षा कोरड्या दिवशी करावी आणि पट्ट्या दर काही मिनिटांनी नव्या घ्याव्यात, कारण त्यांच्यावरील प्रभारही झिरपत असतो.

घरातील चटक्यांवर उपाय

येथे फार विस्ताराची गरज नाही. जाड रबरी किंवा प्लास्टिकच्या तळव्यांची पादत्राणे घरात टाळावीत, शक्य तिथे सुती कपडे आणि सुती आसने वापरावीत, कोरड्या ऋतूत हवेत ओलावा वाढवावा आणि त्वचेला मलम लावावे. कपडे धुताना वापरायचे मऊपणा आणणारे द्रव किंवा गालिच्यांवर फवारायची प्रतिस्थितिक (स्थिर विद्युत रोखणारी) द्रावणे घर्षण कमी करतात आणि मुख्यतः धाग्यांवर ओलावा धरून ठेवणारा थर देतात, म्हणजे निचराच वाढवतात; धुण्यागणिक किंवा वापरागणिक तो थर जातो, त्यामुळे ते पुन्हा लावावे लागते.

प्रभार अंगावर चढलेलाच असेल, तर दाराच्या धातूच्या मुठीला हात लावण्याआधी भिंतीला, काँक्रीटला किंवा रंग न लावलेल्या लाकडाला तळहात एकदोन सेकंद टेकवावा. हे पदार्थ किंचित वाहक असल्याने प्रभार न जाणवता उतरतो. ते शक्य नसेल, तर किल्ली घट्ट मुठीत धरून तिचे टोक धातूला लावावे. ठिणगी उडते, पण प्रवाह त्वचेच्या एका बिंदूतून जाण्याऐवजी मोठ्या भागातून जातो आणि वेदना होत नाही. मोटारीतून उतरताना आसनावरून उठण्यापूर्वीच दाराच्या चौकटीचा उघडा धातू धरावा आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकून पूर्ण उभे राहीपर्यंत सोडू नये. उतरून झाल्यावर दार ढकलण्यासाठी हात लावल्यास उशीर झालेला असतो.

इलेक्ट्रॉनिक भाग हाताळताना

अनेक भाग काही शे व्होल्टला, आणि काही संवेदनशील भाग १०० व्होल्टच्याही खाली निकामी होतात. आधुनिक ट्रान्झिस्टरमधील रोधक थर काही नॅनोमीटर जाडीचे असतात. भागाच्या पायांजवळ संरक्षक मंडले असली तरी त्यांची सहनशक्ती मर्यादित असते. माणसाला ३,००० व्होल्टखालचे जाणवत नाही, याचा सरळ अर्थ असा की चटका बसला नाही म्हणून भाग सुरक्षित राहिला हा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय काही वेळा भाग लगेच बंद न पडता आतून दुबळा होतो आणि पुढे केव्हातरी दगा देतो. नुकसानीचा क्षण कोणाला दिसत नसल्याने दोष भलत्याच कारणावर ढकलला जातो; या कामात शिस्तीला पर्याय नाही, असे मी म्हणतो ते त्यामुळे.

शिस्तीचा पहिला भाग म्हणजे मनगटपट्टा, म्हणजेच मनगटाला बांधून तारेने जमिनीशी जोडायचा वाहक पट्टा. त्यात साधारण १० लाख ओहमचा रोध मालिकेत जोडलेला असतो. त्यातून शरीरावरील प्रभार डोळ्याचे पाते लवण्याआधी उतरतो, आणि चुकून २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्याला स्पर्श झालाच, तर पट्ट्यातून जमिनीकडे जाणारा प्रवाह ०.२३ मिलिअँपिअरपुरता मर्यादित राहतो. या रोधाऐवजी साधी तार मनगटाला बांधणे जिवावर बेतू शकते, म्हणून तसे कधीही करू नये. आणि वीजपुरवठा चालू असलेल्या उघड्या उच्चदाब मंडलावर काम करताना पट्टा घालूच नये. पट्टा त्वचेला घट्ट लागलेला असावा, बाहीवर नव्हे. टेबलावर साधारण १० लाख ते १०० कोटी ओहम रोधाची प्रभारशोषक चटई अंथरावी आणि पट्टा, चटई व दुरुस्तीच्या वस्तूची चौकट ही सारी एकाच भूसंपर्क बिंदूला जोडावीत.

येथे मूळ उद्देश सर्व वस्तू एकाच विभवावर आणणे हा आहे. म्हणून पट्टा उपलब्ध नसताना संगणकाचा वीजपुरवठा काढून त्याच्या उघड्या धातूच्या चौकटीला हात लावावा, नवा भाग आवरणातून काढण्याआधी आवरण चौकटीला टेकवावे आणि जागेवरून हलल्यास दर वेळी चौकटीला पुन्हा स्पर्श करावा. ही तडजोड आहे, पट्ट्याची बरोबरी नाही.

प्लास्टिकच्या वस्तूंना भूसंपर्क देण्याचा प्रयत्न करू नये. तार लावलेल्या बिंदूजवळचा प्रभार तेवढा जातो आणि बाकीचा जागचा हलत नाही. असे प्लास्टिक, फोम, चिकटपट्टीची गुंडाळी आणि सिंथेटिक कपडा संवेदनशील भागांपासून किमान ३० सेंटिमीटर दूर ठेवावा, आणि जिथे ते हलवणे शक्य नाही तिथे दोन्ही प्रकारचे आयन फेकणारा पंखा वापरावा. साठवणीच्या पिशव्यांतही फरक असतो. गुलाबी पिशवी स्वतः फारसा प्रभार निर्माण करत नाही, पण बाहेरच्या विसर्जनापासून आतल्या भागाला वाचवत नाही. वाहतुकीसाठी धातूचा थर असलेली करडी चकचकीत पिशवी, तीही तोंड बंद करून, वापरावी. चालू स्थितीतील मंडल अशा पिशवीवर ठेवून तपासू नये, कारण तिच्यातील धातूच्या थरामुळे दोन बिंदू जोडले जाण्याची शक्यता असते.

ज्वालाग्राही द्रव आणि वाफा

पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असताना ती पेटण्यास सुमारे ०.२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. हायड्रोजनला त्याच्या दहाव्या भागाइतकीच लागते. १०० पिकोफॅरड धारकतेच्या शरीरात ०.२ मिलिज्यूल ऊर्जा २,००० व्होल्टलाच साठते. म्हणजेच जी ठिणगी बोटाला जाणवणारही नाही, ती पेट्रोलची वाफ पेटवू शकते. या एका तुलनेमुळे इंधन हाताळण्याचे नियम निरर्थक काळजी वाटत नाहीत.

वाहनात इंधन भरताना पुन्हा आत जाऊन बसू नये, कारण आसनावरून उठताच नवा प्रभार चढतो. बसावेच लागले, तर बाहेर आल्यावर इंधनाच्या तोंडापासून दूर असलेल्या धातूला उघड्या हाताने स्पर्श करावा आणि मगच नळीला हात लावावा. सुटा डबा भरायचा असल्यास तो वाहनातून उतरवून जमिनीवर ठेवावा, कारण वाहनातील प्लास्टिकच्या अस्तरावर ठेवलेल्या डब्यावरील प्रभाराला जमिनीपर्यंत वाट मिळत नाही. नळीचे धातूचे टोक डब्याच्या तोंडाला टेकलेले ठेवावे आणि प्रवाह मंद ठेवावा. आग लागलीच, तर नळी तोंडातून ओढून काढू नये. तशीच सोडून दूर व्हावे आणि पुरवठा बंद करवावा.

नळीतून वाहणारे इंधन स्वतःही प्रभारित होते, कारण त्याची वाहकता अतिशय कमी असते. मोठ्या टाक्या भरताना भरण-नळीचे तोंड द्रवात बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरहून अधिक ठेवत नाहीत, द्रव उंचावरून शिंपडत पडू देत नाहीत, आणि भरून झाल्यावर मोजपट्टी आत सोडण्याआधी प्रभार झिरपून जाण्यास वेळ देतात. एका धातूच्या पात्रातून दुसऱ्यात ज्वालाग्राही द्रव ओतताना झाकणे उघडण्याआधी दोन्ही पात्रे तारेने एकमेकांना आणि जमिनीला जोडावीत. ओतणे संपून झाकणे लागल्यावरच तारा काढाव्यात. धातूला धातूची ही जोडणी १० ओहमच्या आत असावी अशी अपेक्षा असते. ती साध्य होणे अवघड नाही, पण चिमटा रंगावर, गंजावर किंवा चिकटलेल्या मळावर लावलेला असेल, तर तार जोडलेली दिसूनही वाट तुटलेली असते. म्हणून चिमट्याचे दात धातूत रुतले आहेत की नाही हे पाहावे आणि रोध बहुमापकाने (मल्टीमीटरने) वेळोवेळी मोजावा. वाफ असलेल्या जागी अशा वापरासाठी प्रमाणित उपकरणच वापरावे. मनगटपट्ट्याचीही तार आतून तुटते आणि बाहेरून धड दिसते, तेव्हा त्याच्या दोन टोकांमध्ये १० लाख ओहमच्या जवळपास वाचन येते का, हे काम सुरू करण्यापूर्वी दररोज तपासावे.